पगारवाढीचा पेढा

मंडळी, आज ऑफिसात इन्क्रिमेंटचं पत्र मिळालं. वाढ लहानशीच आहे, तरी घरी येताना पाव किलो पेढे घेतले.

ही बाबांची सवय. ते मिलमध्ये कारकून होते. पगार वाढला की चाळीत प्रत्येक दारी पेढा जायचा. मिल बंद पडल्यावर ते कापडाच्या दुकानात लागले. तिथे तीन वर्षांनी पहिल्यांदा पगार वाढला. तोवर महागाई कुठल्या कुठे गेली होती, तरी बाबांनी पेढे वाटलेच.

आता आई-बाबा नाहीत. विजय नगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. समोरच्या दाराला कायम कुलूप. म्हणून खाली मालकीणबाईंकडे गेले.

"काकू, तोंड गोड करा. माझा पगार वाढला."

"अरे वा, बधाई हो!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अख्खा पेढा तोंडात टाकला. "मग पुढच्या महिन्यापासून किराया पण थोडा वाढवू या ना गं. सब कुछ किती महंगा झालंय!"

त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या वाढीपेक्षा मोठा होता. मी नुसती हसले आणि वर आले.

खरं सांगू? राग आलाच नाही. उरलेले पेढे समोर घेऊन बसले आहे आणि खांद्यावरचा तो हातच आठवतोय.

पुढच्या वर्षी गप्प राहायला हवं, हे कळतंय मला. पण मग सांगू कोणाला? तुम्ही कोणाला सांगता?