तळ्याच्या पाहुण्याचा हातमोजा

माझ्या नवऱ्याच्या मोठ्या मामांनी ज्याच्या हाताचं माप घेतलं नाही असा माणूस रेवदंड्यात अजून जन्माला यायचाय, आणि आलाच तर ते त्याचं माप बारशाच्या आत घेतील. कुणाला समोरच्याचं आडनाव कळल्याशिवाय चैन पडत नाही, कुणाला पगार. मामांना हात लागतो. वाकून नमस्कार केला की आशीर्वाद मागून येतो, आधी ते उजवा हात धरतात. सदऱ्याच्या खिशातून टेप निघतो, अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी तळव्याला वेढा बसतो, 'मूठ सैल धर' असं मऊ आवाजात सांगितलं जातं, मग मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेघेपर्यंत लांबी. दोन्हींत जे मोठं भरेल तो तुमचा नंबर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी माझा हात असाच धरून ठेवला आणि भरल्या मांडवात म्हणाले, "सात." सासूबाईंना वाटलं, भावाने सुनेला सात मुलांचा आशीर्वाद दिला. त्यांनी घाईघाईने पेढा माझ्या तोंडात कोंबला. मला एकच मुलगी आहे आणि हातमोजा मात्र अजून सातच लागतो.

मामा एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. कामगारांना बूट, हेल्मेट आणि हातमोजे वाटणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर लोक शेतात रमतात, देवळात रमतात; मामांनी मामींच्या शिलाई मशीनवर चामड्याचे नि जाड कापडाचे हातमोजे शिवायला घेतले. उन्हाला घाबरून कोपरापर्यंत मोजे चढवलेल्या स्कूटीवरच्या मुलींना ते रस्त्यात थांबवतात आणि 'बोटाच्या टोकाला एवढी हवा ठेवलीस तर ब्रेक कसा धरशील' म्हणून रागावतात. बँकेतल्या नव्या साहेबाने हात मिळवायला पुढे केला तो त्याला बराच वेळ परत मिळाला नाही, उलट दुसराही द्यावा लागला. "तुमचा डावा हात थोडा मोठा आहे, तुम्ही डावरे होतात. लहानपणी मारून सोडवलंय का?" मामांनी विचारलं. त्या दिवशी साहेबाने सह्या फार हळू केल्या, असं शिपायाने सांगितलं.

इथपर्यंत गंमतच होती. पण मामांच्या पडवीत पाऊल टाकलं की हसू जरा आवरतं. सुरूच्या लाकडाचे हात कोरून त्यांनी कठड्यावर ओळीने उभे केलेत, बोटं वर करून, तळवे खाडीकडे. शिवलेला मोजा आकार धरावा म्हणून त्यांच्यावर चढवून ठेवतात. उरलेले दोरीवर असतात. खाडीवरून वारा सुटला की दोरीवरचे रिकामे मोजे एकेक बोट करत भरतात, फुगतात, आणि वारा पडला की मूठ मिटल्यासारखे बसतात. मासळी घेऊन येणारी मावशी फाटकाबाहेरूनच ओरडते, "भाऊ, तेंना आदी आत घ्या. मंग येतंय मी." मामा निमूट दोरी रिकामी करतात. त्यांना यात काही वावगं दिसत नाही. माणूस नसताना हात असू शकतो हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलंय.

हे मला कळलं ते तळ्याच्या पाहुण्यामुळे. थंडी पडली की तळा गावाहून एक म्हातारे गृहस्थ मामांकडे यायचे. कंपनीतले जुने सोबती. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढंच होतं. बाकीची तीन बोटं यंत्राच्या रुळांत गेली होती; तेव्हापासून चहाचा कपही ते डाव्या हातानेच धरायचे. त्या दिवशी स्टोअरमध्ये त्यांच्या नंबरचा मोजा नव्हता. मामांनी मोठा दिला होता, 'आजचा दिवस चालवून घे' म्हणून. सैल टोक रुळाने पकडलं आणि हात आत ओढला. पाहुण्यांनी मामांना कधी बोल लावला नाही. फक्त नसलेली बोटं थंडीत ठणकतात, एवढं ते सांगायचे, आणि दरवर्षी मामा त्यांना नवा मोजा शिवायचे. पाच बोटांचा. रिकाम्या तीन बोटांत सावरीचा कापूस भरलेला. तो घातला की ठणका थांबतो, असं पाहुणे म्हणायचे.

माप घेताना टेपचं टोक धरायला मामी असायच्या. त्या गेल्या त्या वर्षी मामांनी मला हाक मारली. भर दुपार होती, पडवीत ऊन आलेलं. पाहुण्यांनी हात टेबलावर पालथा ठेवला. मामांनी टेप मनगटाच्या रेघेवर दाबला आणि दुसरं टोक माझ्याकडे दिलं. "मधल्या बोटाच्या टोकाशी धर."

"मामा, ते..."

"धर गं. तो सांगेल."

मी टोक हवेत धरलं. पाहुण्यांनी डोळे मिटले होते. "पोरी, जरा अलीकडं घे," ते म्हणाले. "नखात टोचतंय."

मी अलीकडे घेतलं. तिथे टेबलाचं लाकूड होतं, त्यावर ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. तरी टेपचं टोक माझ्या चिमटीत हललं, झोपलेल्या माणसाचं बोट हलावं तसं. वारा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मामांनी आकडा वाचला, मग टोक करंगळीशी धरायला लावून तोही वाचला आणि मान हलवली. "करंगळी वाकायला लागली बघ. वय होतंय."

"मंग काय," पाहुणे म्हणाले. "माज्याबरोबरच म्हातारी व्हायची ना ती."

दोघंही हसले. मी घरी येऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

पुढची काही वर्षं मीच टोक धरलं. भीती गेली नाही, पण सवय झाली. बोट नेमकं कुठे संपतं ते पाहुण्यांनी सांगण्याआधीच मला कळायला लागलं, आणि हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी पाहुण्यांच्या मुलीचा फोन आला. सकाळी ते उठलेच नव्हते. मामांनी त्या वर्षाचा मोजा नुकताच शिवून ठेवला होता, गेल्या मापावर. तो खिशात घालून ते निघाले आणि मी बरोबर गेले. साळावच्या पुलापासून तळ्यापर्यंत त्यांचा हात खिशातल्या मोज्यावरच होता.

अंगणात माणसं खोळंबली होती. मुलीने विचारलं, "मामा, मोजा आणलाय ना? थंडी सोसत न्हाय त्यांना." मामा मृतदेहाशेजारी बसले. उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग मोजा काढला, अंगठ्यावर चढवला, शेजारच्या बोटावर चढवला आणि थांबले. जरा ओढून पाहिला. पुन्हा ओढला. कापसाने भरलेली बोटं वाकडी होत होती, जणू आत जागाच नव्हती. त्यांनी मोजा अलगद काढून खिशात ठेवला.

"बसत नाही गं," ते मुलीला म्हणाले. "राहू दे. आता ठणकायचं नाही त्यांना."

मुलीला वाटलं, हात ताठला असेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं. परतीच्या रिक्षात मी विचारलंच. मामा बाहेर बघत होते.

"कापूस भरायला रिकामी बोटं लागतात," ते म्हणाले. "त्याची पाचही भरलेली होती. मी धरली ना." मग थोड्या वेळाने, "बरं झालं," म्हणाले. त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता.

यंदा थंडी उशिरा पडली. एका दुपारी मामांनी मला दोन चहा करायला सांगितले. मला वाटलं, एक माझा. एक कप त्यांनी स्वतः घेतला, दुसरा टेबलापलीकडे, पाहुणे बसायचे त्या खुर्चीपुढे सरकवला. मामांनी आपला कप संपवला. दुसऱ्यातल्या चहावर साय धरली, ती सुरकुतली. मी कप उचलायला हात पुढे केला.

"असू दे जरा," मामा म्हणाले. "इतकी वर्षं डाव्यानं पीत आलाय. उजव्या हाताची सवय व्हायला वेळ लागणारच."

मी हात मागे घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.