दहापैकी आठ

श्यामकांत फणसळकर आमच्या ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, हा माणूस सहा महिनेसुद्धा टिकत नाही. वय सत्तेचाळीस. सपोर्टमध्ये या वयाची माणसं एक तर मॅनेजर झालेली असतात, नाही तर कंटाळून सोडून गेलेली. हे मात्र बायको आणि मुलगी घेऊन पुण्याहून अ‍ॅमस्टरडॅमला आले, ते थेट ग्राहकांचे फोन घ्यायला. पहिल्या दिवशी त्यांनी बॅगेतून दोनशे पानी वही काढली आणि समास आखायला बसले.

"वही कशाला?" मी विचारलं. "सगळं सिस्टिममध्ये असतं."

"सिस्टिममध्ये तक्रार असते, सुचित्राताई. ती करणारं माणूस कुठे असतं?"

झालं! म्हटलं, आधीच कामाने पिट्ट्या पडलाय, त्यात शेजारच्या टेबलावर हे प्रवचनकार.

आमची कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर विकते. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा हे ते सॉफ्टवेअर सांगतं. ते बिघडलं की गोदामवाले आमच्यावर ओरडतात आणि आम्ही "तुमची अडचण मला समजते" असं म्हणत दुरुस्त करतो. पुण्यात आठ वर्षं आणि इथे चार वर्षं मी हे वाक्य म्हणतेय. घरी नवऱ्याने डोकं दुखतंय म्हटलं तरी माझ्या तोंडून तेच निघतं. खरं सांगते, मला कोणाचीच अडचण समजेनाशी झाली आहे. ग्राहकाची तक्रार म्हणजे आमच्या भाषेत तिकीट. तिकीट उघडायचं, बंद करायचं, पुढचं घ्यायचं, बास.

श्यामकांत तिकीट पटकन बंद करायचेच नाहीत. दुरुस्ती झाली तरी फोन कानाला लावून बसायचे. समोरचा "झालं, झालं" म्हणाला तरी हे विचारणार, "पहिला ट्रक निघाला का?" तो निघाला असं कानाने ऐकलं की मगच बंद. त्यात वीस-वीस मिनिटं जायची. मी तेवढ्यात दोन तिकिटं उडवायचे.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे इस्पितळांच्या चादरी धुणारा एक कारखाना. तिथे ट्रॉल्या रवाना करण्याचं काम तिनेके नावाच्या बाईंकडे होतं. वय साठीच्या आसपास, आवाज असा की फोन हातभर लांब धरावा. दर वेळी सॉफ्टवेअर अपडेट झालं की त्यांच्या ट्रॉल्यांची लेबलं उलटसुलट यायची. एका इस्पितळाच्या चादरी दुसऱ्याकडे. श्यामकांत एका शनिवारी स्वतःच्या खर्चाने ट्रेनने त्या कारखान्यात जाऊन आले, ट्रॉली कुठून कुठे फिरते ते नुसतं बघायला. मी म्हटलं, "अहो, वेड लागलंय का? सुट्टीच्या दिवशी धोबीघाट बघायला गेलात?" ते हसले. वहीत त्यांनी कारखान्याचा नकाशा काढून आणला होता. त्यानंतर तिनेकेबाईंना फोनवर दुसरं कोणी चालेना. "शाम आहे का?" एवढंच विचारायच्या.

आता मुख्य दुखणं सांगते. प्रत्येक तिकीट बंद झालं की ग्राहकाला एक फॉर्म जातो. आम्हाला दहापैकी किती गुण द्याल? नऊ किंवा दहा आले तर आमच्या नावापुढे हिरवा ठिपका. सहा किंवा खाली आले तर लाल. आणि सात-आठ आले तर राखाडी, म्हणजे ते धरतच नाहीत. हा नियम कोणी केला देव जाणे. त्याने डच माणूस आयुष्यात पाहिलेला नसणार. कारण डच माणूस दहा देत नाही. नऊसुद्धा हात आखडून देतो. जेवण फार आवडलं तर आठ, लग्न छान झालं तर आठ. श्यामकांतांना तीन वर्षांत एकही लाल ठिपका मिळाला नाही. सगळे सात आणि आठ. म्हणजे हिशेबात गोल शून्य.

बाकीचे आम्ही काय करायचो? मागायचो. फोन ठेवता ठेवता आवाज मऊ करायचा आणि म्हणायचं, "दहा दिलेत तर मला फार मदत होईल हं." गुण मागायचे नाहीत असा कंपनीचा लेखी नियम आहे, आणि मागितल्याशिवाय दहा मिळत नाहीत हेही सगळ्यांना ठाऊक आहे. टीममधला राजस तर "माझी नोकरी तुमच्या हातात आहे" असं सरळ सांगायचा. मीही मागते. लाज वाटायची ती पहिल्या महिन्यात वाटून संपली.

श्यामकांत मागेनात. आम्ही दोघं उइटहॉर्नला राहणारे, सकाळची ट्राम एक. मी रोज डोकं खायचे. "अहो, एक वाक्य बोलायला काय जातं तुमचं?"

एकदा त्यांनी मला त्यांच्या मुलीची, अश्लेषाची गोष्ट सांगितली. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ती गणितात दहापैकी सात घेऊन आली. यांनी विचारलं, उरलेले तीन कुठे सांडले? पोरगी रडली. पालकसभेत बाईंनी यांना समोर बसवून सांगितलं, सात म्हणजे छान, आठ म्हणजे फारच छान, आणि दहा मी अजून कोणालाच दिलेले नाहीत.

"माझे वडील ब्याण्णव टक्क्यांनासुद्धा हेच विचारायचे, ताई. उरलेले आठ कुठे सांडले. नोकरीत साहेबांनी तेच विचारलं. सत्तेचाळीस वर्षं हेच ऐकलं. इथे पहिल्यांदा कोणी तरी सांगितलं की आठ पुरतात. तिनेकेबाईंचे आठ खरे आहेत. ते मी दहाला कशाला विकू?"

मी चिडले. "तुमचं खरं-खोटं ठेवा तुमच्यापाशी. मार्चमध्ये काय करणार आहात?"

मार्चमध्ये त्यांचा एकेक वर्षाचा तिसरा करार संपत होता. इथे त्यानंतर कंपनी तुम्हाला कायम करते किंवा निरोप देते. निरोप दिला तर इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला, म्हणून तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाही तर गाशा गुंडाळायचा. पन्नाशीच्या माणसाला तीन महिन्यांत कोण घेतंय? आमची मॅनेजर लोरेन डब्लिनला बसते. तिने स्पष्ट सांगितलं होतं, हिरवं काही दिसलं तरच कायम करता येईल.

संक्रांतीला त्यांची बायको वसुधा तिळगूळ घेऊन माझ्याकडे आली. हलव्याची पुडी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. "अश्लेषाची शाळेची शेवटची दीड वर्षं उरलीत हो. डच भाषेत बिचारी आत्ता कुठे सावरली. आता तिला उचलून पुण्याला नेऊ? तुम्ही काही तरी करा. ते माझं ऐकत नाहीत."

मी केलं. नसता उद्योग केला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन स्वतःच्या मोबाईलवरून मी तिनेकेबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांना पटेना. "शामला मी नेहमी आठ देते. आठ म्हणजे उत्तम."

"मला माहीत आहे. पण आमच्याकडे आठ म्हणजे शून्य."

"हा मूर्खपणा आहे."

"हो, आहे. पण त्याची नोकरी जाईल."

मग त्या म्हणाल्या, "बरं. बघते."

पुढच्या गुरुवारी श्यामकांतांच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. दहा! मी खुर्चीतून उठलेच. "अहो श्यामकांत, बघा तरी!" त्यांनी बघितलं. पण त्यांनी आधी खालचा शेरा वाचला, जो मी वाचलाच नव्हता. तिनेकेबाईंनी लिहिलं होतं: काम आठाचं आहे, नेहमीसारखं उत्तम. दहा दिले, कारण तसे द्यायला सांगण्यात आलं.

बाईंना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी दहाही दिले आणि खरंही सांगून टाकलं. त्यांच्या दृष्टीने दोन्ही व्यवस्थित झालं.

श्यामकांतांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली आणि पुढचा फोन घेतला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मंगळवारी लोरेनचा व्हिडिओ कॉल आला. मी शेजारच्याच टेबलावर होते, दोघांचंही बोलणं मला ऐकू येत होतं. तिने विचारलं, तुम्ही ग्राहकाकडे गुण मागितलेत का? ते म्हणाले, नाही. मग कोणी मागितले? जन्मभर ज्याने तिकीट बंद करताना खोटं लिहिलं नाही, तो माणूस म्हणाला, "मला माहीत नाही."

लोरेनचा विश्वास बसला नाही. का बसावा? शेरा त्यांच्या तिकिटावर होता, फायदा त्यांचा होता. अख्ख्या टीममध्ये ज्या एकाने कधी मागितलं नाही, त्याच्यावर मागितल्याचा ठपका आला. आठवड्यात पत्र आलं, करार वाढणार नाही.

त्या दिवशी ट्राममध्ये मी म्हटलं, "मी उद्या सांगते लोरेनला. फोन माझा होता."

त्यांनी बाहेर बघत विचारलं, "आशुतोषचं काही जमलं का?"

आशुतोष म्हणजे माझा नवरा. नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली. आता तो आणि आमचा ईशान, दोघं माझ्या परवान्यावर आहेत. मी म्हटलं, "नाही अजून."

"हं," ते म्हणाले. त्यांनी मला सांग म्हटलं नाही आणि सांगू नको असंही म्हटलं नाही. ते त्यांनी माझ्यावर सोडलं. आणि मी दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगायचंच, आणि लोरेनचा चेहरा स्क्रीनवर आला की मूग गिळून बसायचे. मला भीती वाटली. बस्स, एवढंच कारण आहे, त्याला दुसरा मुलामा देण्यात अर्थ नाही.

तीन महिन्यांत त्यांनी साठेक अर्ज केले असतील. कुठे वय आडवं आलं, कुठे मागच्या कंपनीचा अभिप्राय. जूनच्या अखेरीस फणसळकर कुटुंब पुण्याला गेलं. जाण्याच्या आदल्या दिवशी अश्लेषा माझा कुकर परत द्यायला आली. तिला मराठी समजायचं, पण उत्तर ती कायम डचमध्ये नाही तर इंग्रजीत द्यायची. त्या दिवशी दारात उभी राहून शुद्ध मराठीत म्हणाली, "मावशी, मला इथेच राहायचं होतं." मी तिला आत ये म्हटलं, ती आली नाही.

जुलैत तिनेकेबाईंचं तिकीट माझ्याकडे आलं. अपडेट, लेबलं, तेच सगळं. "शाम आहे का?"

"नाही. तो नोकरी सोडून गेला."

"सोडून? पण मी तर दहा दिले होते."

"तुमची अडचण मला समजते," मी म्हणाले. अहो, दुसरं काही तोंडातून निघेचना! मी लेबलं दुरुस्त केली. बाईंनी त्या तिकिटाला सहा दिले.

आमच्याकडे जाणाऱ्या माणसाकडून सहकाऱ्यांसाठीही गुण भरून घेतात. वर्षाच्या मूल्यमापनात ते आम्हाला दाखवतात. गेल्या आठवड्यात लोरेनने व्हिडिओ कॉलवर माझ्यापुढे तो कागद उघडला आणि खूश होऊन म्हणाली, अभिनंदन. बाहेर आल्यावर राजस भेटला. त्याला श्यामकांतांनी आठ दिले होते. टीममध्ये बाकी सगळ्यांनाच आठ. "ताई, तुमचं काय एवढं खास होतं हो?" त्याने चिडवलं.

मला दहा होते. शेऱ्याची जागा कोरी.

आठ दिले असते तर मी ते उराशी धरले असते. म्हटलं असतं, या माणसाने एवढं होऊनही मला चांगलं म्हटलं. पण त्यांना ठाऊक होतं, माझ्या घरात कमावणारी मी एकटी आहे आणि मला हिरवा ठिपका लागतो. जे मी जगाकडे मागत फिरते ते त्यांनी देऊन टाकलं. खरे आठ त्यांनी राजसला दिले, मला नाहीत.

आणि या वेळी मी मागितले नव्हते हो.