पाडणाऱ्याला पत्र

वैद्य बाई भाषांतरासाठी जपानी बोलणं ऐकायला बसल्या की आधी चष्मा काढून ठेवायच्या. "चेहरा दिसला की मी त्याच्या तोंडात माझे शब्द घालते," असं त्यांचं म्हणणं. मग डोळे मिटून तेच वाक्य पाच-सहा वेळा ऐकायच्या. बाईंना जाऊन आता वर्ष होईल, पण असं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

मी कोपरीला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि सुट्टीच्या दिवशी जपानमधल्या व्यावसायिक कुस्तीवर मराठीत पॉडकास्ट करते. ऐकणारे दोन-तीनशे. मॅच संपल्यावर पैलवान काय बोलतात, ते मला कळायचं नाही. तेव्हा कोणीतरी डोंबिवलीच्या वैद्य बाईंचं नाव सुचवलं. त्यांनी एका कारखान्यात वर्षानुवर्षं दुभाष्याचं काम केलेलं आणि निवृत्तीनंतर त्या घरी जपानी शिकवायच्या.

"हे खोटं असतं ना गं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"निकाल आधी ठरलेला असतो, बाई. पडणं खरं असतं."

मी एका हरलेल्या पैलवानाची क्लिप लावली. सुजलेल्या तोंडानं तो जेमतेम दोन वाक्यं बोलला होता. बाईंनी ती ऐकली, पुन्हा ऐकली आणि हळूच म्हणाल्या, "'यांनी मला मारलं' असं तो म्हणत नाहीये. क्रियापदात उपकार आहेत त्याच्या. 'यांच्या हातचा मार मला मिळाला,' असं काहीसं."

सात वर्षं मी हा खेळ बघत होते. मला हे ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून बाई पॉडकास्टच्या झाल्या. एकदा त्यांनी एक शब्द चुकीचा ऐकला आणि एक नम्र माणूस आमच्या भागात उर्मट ठरला. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाईंनी पुढच्या भागात स्वतःच्या आवाजात माफी मागितली. "अहो बाई, जपानमध्ये कोण मराठी ऐकतंय?" मी म्हटलं. "तो ऐकत नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या.

मग एका मॅचमध्ये चाळिशीचा एक पैलवान मानेवर पडला आणि उठलाच नाही. मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं. ज्यानं त्याला उचलून टाकलं होतं, तो पंचविशीचा. त्यानं रिंगमध्ये उतरणंच सोडलं. काही आठवड्यांनी जखमी पैलवानानं हॉस्पिटलमधून निरोप पाठवला. बाईंनी तो आमच्या भागात शांतपणे सांगितला : "त्याची फेक बरोबर होती. पडताना मी चुकलो. त्यानं ती फेक सोडू नये."

रेकॉर्डिंग बंद झाल्यावर बाईंनी माझ्याकडे त्या पैलवानांच्या कुस्ती संस्थेचा पत्ता मागितला.

"त्या जखमी पैलवानाला पत्र लिहिताय?"

"त्याला सगळेच लिहितील गं. पाडणाऱ्याला कोण लिहिणार?"

चार कच्चे खर्डे केले त्यांनी. पाकीट चिकटवता चिकटवता एकदम म्हणाल्या, "यांचा अपघात झाला, तेव्हा स्कूटर माझा भाऊ चालवत होता."

बाईंचे यजमान अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होते, एवढंच मला माहीत होतं.

"टेम्पो उलट्या बाजूनं आला. बाळूची काही चूक नव्हती. तो घरी आला, बेल वाजवत राहिला. मी दार उघडलं नाही. मग आलाच नाही कधी."

"कुठे असतात ते?"

"शहाडला."

डोंबिवलीपासून तिसरं स्टेशन.

पत्राला उत्तर आलं नाही. नऊ महिन्यांनी मात्र तो पाडणारा पैलवान रिंगमध्ये परतला. ती मॅच आम्ही बाईंच्या घरी, दुपारची जेवणं आटपून बघितली. शेवटी त्यानं समोरच्याला त्याच फेकीसाठी उचललं आणि क्षणभर तसाच उभा राहिला. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यानं फेकलं. समोरचा पडून राहिला. मग कुशीवर वळला, गुडघ्यावर आला, उभा राहिला.

"उठला," बाई म्हणाल्या. "मागे घे. त्याचं उठणं परत दाखव."

तीनदा बघितलं त्यांनी ते. मग आत जाऊन साडी बदलून आल्या. "शहाडला येतेस माझ्याबरोबर? आत्ता."

शहाडला एका इमारतीचा जिना चढून त्यांनी बेल वाजवली. दार एका पांढऱ्या केसांच्या माणसानं उघडलं. बाईंना बघून त्यांचा हात कडीवरच राहिला. दुसऱ्यांच्या बोलण्याला आयुष्यभर नेमके शब्द शोधून देणाऱ्या बाई स्वतःचं एकच वाक्य घेऊन आल्या होत्या.

"तुझी चूक नव्हती, बाळू. मला तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी मान खाली घातली. मग दारातून बाजूला होत म्हणाले, "आत ये, ताई."

मी मागच्या मागे जिना उतरले आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसून राहिले. तासाभरानं बाईंचा फोन आला.

"तू जा गं घरी. मी आज इथेच राहते."