ज्याला हात लागला, त्यानं सांगायचं

आमच्या क्लबाला तीस वर्षं झाली म्हणून इतिहास लिहायचं ठरलं, आणि तो मीच लिहावा असंही ठरलं. कारण काय, तर माझा कुणावर विश्वास नाही. हे मी नाही म्हणत, अध्यक्ष म्हणाला. अध्यक्ष म्हणजे बस डेपोतला जुना मेकॅनिक, त्याला सगळे पाना म्हणतात. "तू लिहिलंस तर निदान थापा कमी असतील," म्हणाला. मी चौतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. माणूस खिशात हात कसा घालतो त्यावरून मला कळतं, तिकीट आहे की नाही. म्हणून माझं नाव चेकर. आमची ही म्हणते, "तुम्ही आरशात स्वतःकडेसुद्धा संशयानं बघता." बघतो. त्यात काय चुकलं?

आधी खेळ सांगतो, कारण टच फुटबॉल म्हटलं की लोक हवेत लाथ मारून दाखवतात. आमचा चेंडू लांबट. तो हातात धरून पुढं पळायचं, पण पास द्यायचा तो मागंच. एका बाजूला सहा जण. समोरच्याचा हात तुमच्या अंगाला नुसता लागला की थांबायचं आणि चेंडू तिथंच जमिनीवर ठेवायचा. असं सहा वेळा झालं की चेंडू त्यांचा, आणि त्याआधी समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला की आपला एक गुण. ढकलाढकली नाही, पाडापाडी नाही. त्याआधी डेपोत धसमुसळं फुटबॉल चालायचं. एका मोसमात तीन ड्रायव्हरांचे पाय प्लास्टरमध्ये गेले, तेव्हा मॅनेजरनं चेंडू कपाटात टाकून कुलूप लावलं. मग पानानं हा खेळ कुठूनसा आणला. कुठून, ते तो दर वेळी वेगळं सांगतो. मी तिन्ही गोष्टी तारखेसकट लिहून ठेवल्यात.

रेफरी आमच्याकडे नव्हता. रविवारी सकाळी प्रत्येकाला खेळायचंच असायचं, शिट्टी कोण फुंकणार? म्हणून पानानं शेडच्या भिंतीवर नियम रंगवला: ज्याला हात लागला, त्यानं सांगायचं. लावणाऱ्यानं ओरडायचं नाही. ज्याला लागला त्यानंच हात वर करायचा. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "अरे, हे म्हणजे तिकीट काढलंय का असं प्रवाशालाच विचारायचं आणि तो हो म्हणाला की खाली उतरायचं!" सगळे हसले. पण चाललं की हो! अर्धं मैदान पळून घामाघूम झालेला माणूस स्वतःच हात वर करायचा आणि म्हणायचा, लागला. ते बघून मला बरं वाटायचं. आणि लगेच वाटायचं, पाणी कुठंतरी मुरतंय.

म्हणून मी वही ठेवली. माझं शरीर तेव्हाही पोत्यासारखं, त्यामुळे मी रेषेवर उभा राहून गुण मांडायचो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर, कुणाला न सांगता, मी एकेक हात मांडायचो. कुणी लावला, अंगावर कुठं लावला, ज्याला लागला त्यानं कबूल केलं का.

आता वस्तरा. मैदानासमोरच त्याचं दाढी-कटिंगचं दुकान. एक खुर्ची, एक बाक, भिंतभर आरसा. रविवारी सकाळी दोन तास शटर अर्धं ओढून तो खेळायला यायचा. अंगानं काटकुळा, बोलणं मोजकं, पण डाव्या कडेनं असा सुटायचा की समोरचे सहा जण एकमेकांची तोंडं बघत राहायचे. म्हणून वस्तरा. माझी आणि त्याची चांगली अरेतुरेची दोस्ती. पहिली नऊ-दहा वर्षं इतका सरळ खेळला की वारा लागला तरी हात वर करील. पाना नव्या खेळाडूंना सांगायचा, नियम भिंतीवर वाचू नका, त्या वस्तऱ्याकडे बघा.

आणि अकराव्या वर्षी गडी बिघडला. समोरचा छातीवर हात ठेवून सांगतोय, लावला म्हणून, आणि हा मान हलवतोय, नाही. एकदा झालं, दोनदा झालं. मी वहीत लिहीत गेलो. माणूस आधी दहा वर्षं तिकीट काढतो आणि मग एक दिवस काढत नाही, हे मी पाहिलेलं आहे. अशाच माणसाचा मला जास्त राग येतो.

त्या वर्षी अंतिम सामना टपालवाल्यांशी. बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. वस्तरा माझ्या समोरून, रेषेला घासून पळाला. त्यांच्या एका पोस्टमननं मागून झेप घेऊन त्याच्या डाव्या खांद्यावर अख्खा पंजा मारला. मी तीन हातांवर होतो. आवाजसुद्धा ऐकला. वस्तरा थांबला नाही. पलीकडे जाऊन चेंडू टेकवला. पानानं विचारलं, "लागला का?" तो म्हणाला, "नाही." नियम म्हणजे नियम, कप आमचा झाला. टपालवाले सायकली काढून निघून गेले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी शेडमध्ये सभा. मी उभा राहून सांगितलं, "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हा खोटारडा आहे." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो हूं की चूं नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, हे तिकीट तपासणाऱ्याला शिकवावं लागत नाही. त्याला क्लबातून काढलं. पानानं स्वतः पत्र्याच्या तुकड्यानं फलकावरचं त्याचं नाव खरवडलं आणि कप टपालवाल्यांना नेऊन दिला. मी कानाला खडा लावला आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं दाढीला बाजाराच्या पलीकडं जात राहिलो. तिथला न्हावी गाल सोलतो आणि वर राजकारण सांगतो. पण ज्याला आपण सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं, त्याच्या हातात वस्तरा आणि आपला गळा? छे! मी शंकेखोर आहे, खुळा नाही.

इतिहासाला बसलो तेव्हा पाना म्हणाला, "ते पान सोडून दे." मी म्हटलं, सोडणार नाही. मला त्याच्या तोंडून कबुली हवी होती. एका बुधवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानात शिरलो. त्यानं आरशातून बघितलं. "बसा, चेकरसाहेब," म्हणाला. हे 'साहेब' ब्लेडपेक्षा धारदार होतं. मी विचारलं, "ब्लेड नवं आहे ना?" त्यानं पुडी माझ्यासमोर फोडली. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसलो.

तो डाव्या हातानं गाल ताणायचा आणि उजव्यानं वस्तरा ओढायचा. हात हलका, पण डोळे इतके जवळ आणायचा की त्याचा श्वास लागावा. मला तेही खटकलं. मी मुद्द्यावर यावं म्हणून तोंड उघडलं, आणि खाली पांढऱ्या कापडावर रक्ताचे चार मोठे थेंब दिसले. मी किंचाळलोच, "मेलो! कापलंस ना! एकोणीस वर्षं वाट बघत होतास!"

त्याचा चेहरा पडला. माझी मान वर केली, खाली केली, कानामागं बघितलं. कुठं चीर नाही. मीही आरशात शोधतोय. तेवढ्यात मला दिसलं. रक्त त्याच्या डाव्या तर्जनीतून येत होतं. ब्लेड बसवताना बोट चांगलं चिरलं होतं, कातडी उघडी पडली होती, आणि तो ते बोट तसंच माझ्या मानेवर फिरवून जखम शोधत होता. मी म्हणालो, "अरे, तुझं बोट." तो बोटाकडे बघत राहिला. मग घाईघाईनं टॉवेल गुंडाळला आणि म्हणाला, "हो, लक्षात आलं नाही." खिशात हात घालतानाची ती घाई मी ओळखतो. पण या खेपेला तिच्यामागं काय आहे ते कळेना.

घरी येऊन जुनी वही काढली. आमची ही शेजारी बसून मोठ्यानं वाचायला लागली. "वस्तरा. डावा खांदा, नाकबूल. डावा दंड, नाकबूल. डावं कोपर, नाकबूल." असे सतरा. मग तिनं त्याच पानावरचे दुसरे वाचले. "उजवा खांदा, कबूल. उजवा दंड, कबूल." असे एकवीस. एकवीसच्या एकवीस कबूल. ती चष्मा काढून म्हणाली, "अहो, खोटं बोलणारा माणूस बाजू बघून बोलतो का? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" अक्षर माझंच होतं. तारखा माझ्याच होत्या. एकोणीस वर्षं ती वही माझ्याच कपाटात पडून होती.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधीच दारात उभा राहिलो. वही त्याच्यापुढं धरली. त्यानं पान वाचलं आणि बाकावर बसला. मग एकदम सगळं बोलला. मानेतली नस दबली होती. खांद्यापासून बोटांपर्यंत डावा हात हलतो, पकडतो, पण त्याला काही कळत नाही. सुरुवातीला थोडा थोडा, मग पार. "त्या दिवशी मला खरंच लागला नव्हता," तो म्हणाला. "घरी शर्ट काढला तर बायको म्हणाली, खांद्यावर पाच बोटं उमटलीत कुणाची? तेव्हा समजलं, लागला होता."

"मग सभेत सांगायचं होतंस!"

"काय सांगायचं? न्हाव्याचा हात बधिर आहे म्हणून?" त्यानं खुर्चीकडं बोट केलं. "मैदानावर खोटं बोलणाऱ्याकडे लोक दाढीला बसतात, चेकरसाहेब. बधिर हाताच्या माणसाकडे कोण बसेल? तुम्ही बसला असता? माझ्या दोन मुली शाळेत होत्या. अजून या खुर्चीवरच घर चाललंय. बोटांना कळत नाही ते मी डोळ्यांनी बघायला शिकलो. आजवर एका माणसाला कापलं नाही. कापतो ते स्वतःला."

मला रडू आलं, आणि मी नाक शिंकरून ते लपवलं. म्हणालो, "मी कुणाला सांगणार नाही."

"तुमच्या शब्दावर विश्वास ठेवू?"

"सगळ्यांनी ठेवला, त्याचाच तर हा घोळ झाला," मी म्हणालो. "रविवारी सभेला ये. मागं उभा राहा, पुरे."

रविवारी सकाळी शेड भरली होती. मी इतिहास वाचला. प्लास्टरचे तीन पाय, कपाटाचं कुलूप, पानाच्या तिन्ही गोष्टी. लोक हसले. मग ते पान आलं. मी वाचलं, "त्या अंतिम सामन्यात मी हात लागताना पाहिला असं सांगितलं. ते खोटं होतं. मी तेव्हा वहीत बघत होतो. वस्तऱ्यावर मी आळ घेतला." चौतीस वर्षांत माझा एक रिपोर्ट खोटा निघाला नव्हता, आणि हा मी स्वतःच्या हातानं खोटा केला.

मग पाना उठला, लालबुंद. "तुझ्या शब्दावर मी त्याचं नाव खरवडलं! कप परत दिला! आता एकदम उपरती? किती महिन्यांची दाढी फुकट ठरली, बोल की!" कुणीतरी मागून ओरडलं, "चेकरचाच खिसा तपासा रे!" सगळे माझ्याकडे तसे बघायला लागले, जसा मी आयुष्यभर लोकांकडे बघत आलो. ते डोळे अंगावर घेणं फार वाईट असतं. मला हे आधी माहीत असायला हवं होतं.

आणि तेव्हा मागच्या भिंतीजवळ, नियमाच्या खालीच, एक हात वर झाला. डावा. तर्जनीला पट्टी.

"चेकर खोटं बोलतोय," वस्तरा म्हणाला. "त्यानं नीट पाहिलं होतं. हात लागला होता."

मी ओरडलो, "गप्प बस, गाढवा!"

"एक माणूस खोटारडा झाला ते पुरे," तो मला म्हणाला, आणि मग सगळ्यांना, "मला लागला, पण कळला नाही. हा हात तेव्हापासून बधिर आहे. एकोणीस वर्षं मी याच हातानं तुमच्यातल्या निम्म्यांच्या दाढ्या केल्यात."

शेडमधल्या निम्म्या लोकांचे हात आपोआप आपापल्या गळ्याकडं गेले. ते त्यानंही बघितलं. मग हात खाली केला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी सकाळी मी गेलो तेव्हा बाक रिकामा होता. एरवी त्या वेळी तिथं चार जण खोळंबलेले असतात. लोक येत होते, दारापाशी चाल मंदावत होती आणि पुढं जात होते. वस्तरा खुर्चीचं कापड झटकत होता, स्वच्छ असताना. मी जाऊन बसलो. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पुडी फोडताना मी डोळे बारीक करून बघितलंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

त्यानं डावा हात माझ्या हनुवटीखाली धरला आणि म्हणाला, "मान वर कर. हलू नकोस." साहेब गेला होता. मी मान वर केली आणि डोळे मिटले.

दाढी झाली, पण मी उठून गेलो नाही. रस्त्यावरून दिसेल असा बाकावर वर्तमानपत्र उघडून बसलो. दहा वाजले. अकरा वाजले. कुणी आलं नाही. वस्तऱ्यानं कात्र्या दोनदा पुसल्या. बाराच्या सुमारास दारात पाना उभा राहिला, तेलकट कपड्यात, डेपोतून सरळ आलेला. माझ्याशी बोलला नाही. वाकून माझा गळा या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला, बोटानं हनुवटी वर करून खालूनही बघितला.

मग खुर्चीत जाऊन बसला आणि वस्तऱ्याला म्हणाला, "दाढी कर. मिशी मी घरी करीन."