चंचीतल्या कॅप्सुली

अंथुर्ण्याच्या माझ्या चुलत्यांना, तात्यांना, पोटात अल्सर होता आणि तो त्यांनी नव्या जावयासारखा मिरवला. बारामतीच्या डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी एक कॅप्सूल लिहून दिली होती. तात्या त्या कॅप्सुलींची पुडी पानाच्या चंचीत, सुपारीशेजारी ठेवायचे. जेवणानंतर पाहुण्याला करपट ढेकर आला, की आधी पान, मग सुपारी, मग कॅप्सूल. "घ्या पाव्हणं, आग इझती." या सोहळ्याची नक्कल करून मी पंगतीत टाळ्या मिळवल्यात.

नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात कॅप्सुली मिळेनाशा झाल्या. इंदापूरचा दुकानदार म्हणाला, वरूनच माल येत नाही. बारामतीत एकानं तर मी तोंड उघडायच्या आधीच मान हलवली. कन्हेरीत एकाकडं उरल्यात असं कळलं म्हणून गेलो, तर तोच मला विचारू लागला, तुमच्याकडं हायत का?

चंचीत चार राहिल्या. तात्या दिवसाआड घेऊ लागले. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर आतून रक्त जातंय समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी तात्या टमरेल घेऊन परतले, की काकू ओट्यावरून नुसती बघायची. ते 'न्हाय' अशी मान हलवायचे. मगच चुलीवर चहा चढायचा.

एकच उरली तेव्हा लोणी भापकरचे व्याही आले. मटण झालं. तात्यांनी घासही घेतला नाही. व्याह्यांनी ढेकर दिला. मी चंची हळूच मांडीखाली सरकवली. तात्यांनी ती ओढून घेतली.

काकू दारातून पुटपुटली, "अवो, येकच हाय."

"मग काय व्याह्यांना नुसत्या सुपारीवर वाटंला लावू?"

व्याह्यांनी कॅप्सूल कपाळाला लावली आणि मूठ मिटली.

चौथ्या सकाळी तात्या परतले. मान हलली नाही. चहाही चढला नाही. शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना बारामतीला नेलं.

रक्ताची दुसरी बाटली चालू असताना व्याही भेटायला आले. कोपरीच्या खिशातून त्यांनी कागदाची घडी काढली. आत तीच कॅप्सूल.

"मला कुठं जळजळ हुती, तात्या? तुमी मानानं दिली, न्हाय कसं म्हणायचं?"

तात्यांनी डोळे किलकिले केले. "दिलेलं माघारी घेत न्हायत, पाव्हणं."

काकूनं ती कॅप्सूल व्याह्यांच्या तळहातावरून उचलली, पदराच्या गाठीत बांधली आणि खाटेखालचं भांडं बघायला वाकली. आम्ही सगळे तिच्या मानेकडं बघत उभे होतो.

ती वाकलेलीच राहिली. मान हलली नाही.