पाचूबंदरच्या भिंतीवरची ताई

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ठेवला असता तर नोकरी गेली असती. मी एका रंगाच्या कंपनीत कम्प्लेंट अटेंड करतो. कुणाच्या हॉलच्या भिंतीला फुगे आले, कुणाच्या छताला डाग पडला की मी मॉइश्चर मीटर घेऊन हजर. नायगावच्या एका टॉवरमधल्या काकूंना छतावरच्या डागात देवाचं तोंड दिसलं होतं, रोज स्टुलावर चढून हळदकुंकू लावायच्या. वरच्या फ्लॅटचा पाइप बदलला आणि चार दिवसांत देव अंतर्धान पावले... भिंतीवरच्या प्रत्येक डागाला कारण असतं, हे मी बारा वर्षं लोकांना समजावतोय.

म्हणूनच हे लिहायला वर्ष लागलं.

नायगाव पूर्वेला आठव्या मजल्यावर मी आणि आई राहतो. वैशाली ही माझी बहीण, चार वर्षांनी मोठी, म्हणजे ताई. ती वसईजवळच्या वटार गावात दिली होती. सासरची वाडी आहे, केळी आणि सोनचाफा. भावोजी बोलायला इतके गोड की आईला जावई म्हणजे जीव की प्राण. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं.

रविवारी सकाळी मी हौस म्हणून लोकांना वसई गावातून पायी फिरवतो. किल्ल्याच्या बाजूने निघून थेट पाचूबंदरच्या जेट्टीपर्यंत, वाटेतल्या घरांच्या भिंतींवरची चित्रं दाखवत. ही चित्रं दोन-अडीच वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरापोरींनी काढली. प्रायमर कुठला मारायचा ते मी सांगितलं होतं. जेट्टीजवळच्या मोठ्या भिंतीवर त्यांना मासळीचा लिलाव काढायचा होता, मध्यभागी टोपली घेतलेली बाई. चेहऱ्यासाठी फोटो हवा होता. माझ्या फोनमध्ये ताईचा होता. लिलाव बघायला गेलो तेव्हा तिने गंमत म्हणून कुणाची तरी टोपली काखेत घेतली होती आणि हसत होती. मी दिला. त्यांनी लुगडं नेसवलं, अंबाड्यात फुलं माळली. चेहरा हुबेहूब ताई, आठ फूट उंच.

भाऊबिजेला भावोजी हसत म्हणाले, "तुमच्या ताईला आता येणारा-जाणारा बघणार. आम्ही काय, घरातलं गिऱ्हाईक!"

आम्ही सगळे हसलो. ताई वाढत होती, ती हसली नाही. हे मला आत्ता आठवतं, तेव्हा मी श्रीखंडात होतो.

पहिला डाग गेल्या वर्षी थंडीत दिसला. वॉकच्या आधी साडेसातला पोहोचलो तर ताईच्या डाव्या डोळ्याखाली निळसर काळं. कडा पिवळट. ज्या घराची ती भिंत, त्या रेजिना मावशी समोर बोंबील वाळत घालत होत्या.

"मावशी, पाणी मुरतंय. गच्चीचा पाइप बघून घ्या."

"पानी कशाला मुरंल? पावूस जाऊन दोन महिने झालं," त्या म्हणाल्या. "दर्याचा खार भितीला धरतो, ता आमाला ठावं हाय बाबा. पन खार असा एकाच डोल्याखाली बसतो का? मारलंय रे तिला कोनी."

मी हसलो. स्कूटर मी जेट्टीपाशीच लावतो, डिकीत सामान असतंच. पॉलिश पेपर मारला, लांबी भरली. लांबी म्हणजे भिंतीचे खड्डे बुजवायची पुट्टी. वाळल्यावर त्वचेचा रंग जुळवून दोन हात दिले. सवयीप्रमाणे आधीचा आणि नंतरचा फोटो काढला. काम इतकं साफ की मलाच माझं कौतुक वाटलं.

बुधवारी ताई आईचे रिपोर्ट बघायला घरी आली. डावा डोळा सुजून बंद. खाली निळसर काळं, कडा पिवळट.

"वाडीत घसरले. केळीच्या खुंटावर आपटले," ती म्हणाली.

आईने बर्फ दिला. मी म्हटलं, जरा बघून चालत जा. मला भिंतीवरचा डाग आठवला, खोटं नाही सांगत. पण योगायोग नावाची फार सोयीची चीज आहे जगात.

मग महिन्याभराने हात. टोपलीला धरलेल्या उजव्या हातावर मनगटाच्या वर भेग. आडवी, सरळ, आतली वीट दिसेल एवढी. त्या भिंतीला दुसरीकडे कुठेही तडा नव्हता. रेजिना मावशींनी या खेपेला छातीवर क्रूस केला. मी भेग V आकारात खोदली, लांबी भरली, घासली, रंगवली. आणि गुरुवारी ताई पिशवी घेऊन दारात उभी. उजव्या हाताला प्लास्टर.

या वेळी मात्र तिने सांगितलं. तिचा हात स्वयंपाकघराच्या दारात धरून भावोजींनी दार लावलं होतं. कुणाशी तरी फोनवर हसली म्हणून.

"ते त्या भिंतीपाशी जाऊन आले दोनदा," ती म्हणाली. "येऊन मला म्हणतात, तिथे हसतेस, इथे का नाही हसत?"

मला तेव्हा उठून वटारला जायला हवं होतं. गेलो नाही. आई रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "पुरुषाचा राग पेंढ्याच्या जाळासारखा. तूही जरा जुळवून घे, बाळा." भावोजींचा फोन आला, इतके गोड बोलले, चुकलं म्हणाले. तीन दिवस झाले. आमच्यात माहेरवाशीण रिकामी पाठवत नाहीत. आईने पाटावर बसवून ओटी भरली, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ताईला एका हाताने पदर धरता येईना, म्हणून सगळं हिरव्या खणात घालून वर गाठ मारली. सासरी पोचवायचं काम भावाचं. स्कूटरवर मागे बसवून मीच नेलं तिला. एका हाताने तिने माझा खांदा धरला होता, मांडीवर ते गाठोडं. उतरताना एवढंच म्हणाली, "तू चहा घेऊन जा."

मी घेतला. भावोजींनी स्वतः कप आणून दिला.

त्यानंतरचा दुसरा रविवार. सहाजणांचा ग्रुप होता. नऊ वीसला आम्ही जेट्टीजवळच्या भिंतीपाशी पोहोचलो. ग्रुपमधल्या एक बाई पुढे होत्या, त्यांनी नाक मुरडलं. "शी! चित्रावरपण पान थुंकतात लोक."

डाव्या कानाखालून गळ्याच्या खळगीपर्यंत तिरकी लाल रेघ, आणि रेघेतून ओघळ खाली उतरत होते. लुगड्यावर. टोपलीवर. आमच्या डोळ्यांदेखत उतरत होते. मी बोट लावलं. ओलं, कोमट. वासावरून मी कुठलाही रंग ओळखतो, ऑइल, ॲक्रिलिक, रेड ऑक्साइड. हा त्यातला नव्हता. बॅगेतून मीटर काढून टेकवला. भिंत कोरडी. पुन्हा टेकवला. कोरडी. आणि माझ्या बोटावरून थेंब चपलेवर पडला.

"सकाली नव्हतं," रेजिना मावशी मागून म्हणाल्या. "मी झाडू मारला तवा नव्हतं. बघत काय ऱ्हायलास? तुजी बहीन ना ती? जा!"

ताईला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद. ग्रुपला काय सांगितलं आठवत नाही. स्कूटर अशी हाणली की एका वळणावर भाजीवालीची हिरव्या माठाची पाटी उडवली, तिच्या शिव्या अजून कानात आहेत. दहाला पाच कमी असताना वटारला पोहोचलो.

पडवीत ताईची सासू बसली होती, चाफ्याच्या कळ्या पानात बांधत. आतून भांडी पडल्याचा आवाज, मग धप्प, मग पुन्हा धप्प.

"नवरा-बायकोचं चाललंय," ती शांतपणे म्हणाली. "तुमी बसा. पानी देते."

मी आत घुसलो.

ताईचे केस त्याने मुठीत पिळले होते आणि तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होता. एकदा माझ्यासमोर आपटलं. प्लास्टर फुटून लोंबत होतं. तिच्या तोंडातून रक्त ओट्यावर, ओट्यावरून खाली. ती ओरडत नव्हती, हे सगळ्यात भयंकर. त्याच्या दुसऱ्या हातात केळीचे घड तोडायचा कोयता. त्याने तिची मान वर खेचली आणि पातं डाव्या कानाखाली टेकवलं.

मी त्याचं मनगट धरलं. ओढाओढीत पातं तिच्या गळ्यावरून तिरकं गेलं, खळगीपर्यंत, आणि पुढे माझ्या दंडात शिरलं. दुखलं नाही. आत पांढरं काहीतरी दिसलं, ते माझं हाड आहे हे कळायला वेळ लागला. त्याने मला भिंतीवर ढकललं, गुडघा पोटात घातला, कोयता पुन्हा उचलला. "दोघांना एकाच जागी पुरतो," म्हणाला. त्याच गोड आवाजात.

माझ्या डोक्यामागे फळी होती. डावा हात वर गेला आणि हाताला कापडाची गाठ लागली. हिरवा खण. आईची ओटी. पंधरा दिवसांत कुणी सोडलीसुद्धा नव्हती.

गाठीला धरून मी ती फिरवली. आतला नारळ त्याच्या कानावर बसला. तो वाकला, कोयता पडला. दुसरा फटका तोंडावर, दात ओट्यावर खडखडले. तो खाली बसला, हात वर केले. तरी मी तिसरा मारला. तिसऱ्याची गरज नव्हती, हे पोलिसांनाही सांगितलं. पण मला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि त्याची लाज वाटत नाही. तिसऱ्या फटक्याला खण फाटला, तांदूळ सगळीकडे उडाले आणि फरशीवर पडल्या पडल्या लाल झाले. त्या तांदळांत बसून मी फाटका खण ताईच्या गळ्यावर दाबून धरला. ती माझ्याकडे बघत होती. सासू दारात येऊन म्हणाली, "घरातलं घरात ऱ्हाऊ द्या हो."

ताई वाचली. गळ्याला सतरा टाके, माझ्या दंडाला अकरा. डॉक्टर म्हणाले, वार आणखी बोटभर खोल असता तर काही उरलं नसतं. तो आत आहे, केस चालू आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरी गोष्ट मला कळली ती पोलीस स्टेशनमध्ये, जबाब देताना. तारखा विचारत होते. मी फोनमधले आधीचे-नंतरचे फोटो काढले आणि ताईने सांगितलेल्या दिवसांशी लावत गेलो. डोळ्याखालच्या डागाचा फोटो रविवारी सकाळचा. डोळ्यावर बुक्की बसली सोमवारी संध्याकाळी. भेगेचा फोटो रविवारचा, हात मोडला बुधवारी. लाल रेघ नऊ वीसला. कोयता तिच्या गळ्याला लागला तेव्हा दहा वाजत आले होते आणि मी तिथेच उभा होतो.

मी समजत होतो, ताईला लागतं आणि भिंतीवर उमटतं. उलटं होतं. भिंत आधी सांगत होती.

म्हणजे प्रत्येक वेळी माझ्याकडे वेळ होता. पहिल्यांदा दीड दिवस, दुसऱ्यांदा तीन. वटार काही लंडनला नाही. त्या वेळात मी काय केलं? लांबी भरली. घासली. रंग जुळवला. आणि काम साफ झालं म्हणून फोटो काढला.

लाल डागाचा खरवडा मी आमच्या लॅबमधल्या मित्राला गुपचूप दिला होता. त्याने सांगितलं, साधा ॲक्रिलिक आहे, तूच वापरतोस तो त्वचेचा रंग, वेगळं लाल पिगमेंट औषधालाही नाही. त्या दिवशीच्या सहाही जणांनी लाल बघितलं, दोघांच्या फोटोतही आहे. बारा वर्षांत ज्याचं कारण मला देता आलं नाही अशी ही एकच कम्प्लेंट, आणि ती अजून ओपन आहे.

ताई आता आमच्याकडे असते. आई हल्ली कुणाचीच ओटी भरत नाही. शेजारची नवी सून आली तेव्हाही कुंकू लावून तिने तिला विचारलं, "सगळं नीट आहे ना गं?"

गेल्या महिन्यात ताई म्हणाली, मला बघायचीय ती भिंत. नेलं. ओघळ पावसाने धुऊन गेलेत, कानाखालची रेघ तेवढी तपकिरी होऊन राहिलीय. ताई बराच वेळ समोर उभी राहिली. रेजिना मावशींनी तिच्या गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवलं, आत जाऊन खुर्ची आणली. माझा हात सवयीने डिकीकडे गेला. लांबीचा डबा काढला, झाकण उघडलं, लांबी ओढायचा पत्रा हातात घेतला.

ताईने डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण दाबून बंद केलं.

"राहू दे," ती म्हणाली. "या वेळी दिसू दे."