सदरहू तबकडी शेवटपर्यंत वाजविण्याबाबत

मी अर्जनवीस आहे. शाळेशी माझे नववीत मतभेद झाले. भाषेशी मात्र कधीही झाले नाहीत. कचेरीच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली माझे टेबल आहे आणि या शहराच्या वाढीत त्या टेबलाचा वाटा किती, हे कोणी लिहून ठेवले नसले तरी मला ठाऊक आहे. पडेगावच्या बाजूला, जेथे पूर्वी मेंढरे चरत, तेथे आज वसाहती उभ्या आहेत. त्या वसाहतींचे नळ, खांब आणि रस्ते प्रथम माझ्या कागदावर आले. काही अद्याप तेथेच आहेत.

माझ्या हातून आजवर नाना प्रकारचे अर्ज झाले. परंतु ज्या अर्जाने माझ्या पेनाचे टोपण कायमचे गेले, तो अर्ज एका गाण्याच्या तबकडीविषयी होता.

छावणीच्या बाजारात एका चाचांचे हॉटेल आहे. तेथील चहा बेताचा आणि संगीत उत्तम, म्हणून काम आटोपले की मी तेथे जाऊन बसतो. चाचांकडे झाकणाचा जुना रेकॉर्ड प्लेयर आणि तबकड्यांचा गठ्ठा होता. कॅसेटी आल्या आणि गेल्या. सीडी आल्या आणि त्यांचे आरसे होऊन रिक्षांत लटकले. पुढे सारे जग मोबाईलमध्ये मावू लागले, तरी चाचांच्या हॉटेलात काळ्या तबकड्याच फिरत राहिल्या. त्यांतील एक लोकगीतांचे संकलन होते आणि गिऱ्हाइकांचा सर्वाधिक जीव त्याच तबकडीवर होता.

या विषयावर माझे स्वतंत्र मत आहे. जुन्या तबकडीचा गोडवा तिच्या सुरात कमी आणि तिच्यात चुकून राहून गेलेल्या गोष्टींत अधिक असतो. हल्लीच्या गाण्यातून माणसाचा खोकला काढून टाकतात. त्या तबकडीवर एक धनगरी ओवी होती, ती उघड्या रानात ध्वनिमुद्रित केलेली. ढोल सुरू होण्याआधी गायक खोकतो, मध्येच कोणी तरी कोणाला "सरक की" म्हणतो, आणि मेंढरे तर सबंध ओवीभर आपले मत नोंदवीत असतात. वेष्टनावर गायकाचे नाव नव्हते. 'एक मेंढपाळ व साथीदार' एवढेच छापलेले होते. साथीदार म्हणजे मेंढरेच, असे चाचांचे म्हणणे.

ओवीच्या शेवटाकडे तबकडीला ओरखडा होता. सुई तेथे आली की अडखळून मागे जाई आणि गायक "पुढं चालली… पुढं चालली… पुढं चालली…" एवढेच घोकत राही. गिऱ्हाइके टेबलावर थाप देऊन त्याला साथ करीत. सर्वांचे मन भरले की चाचा दोन बोटांनी सुई उचलून ठेवीत. या गमतीमुळे हॉटेलावर पाटी एक होती आणि लोकांच्या तोंडी नाव दुसरेच होते. तुम्ही रिक्षावाल्याला "पुढं चाललीला सोड" म्हणालात तरी तो तुम्हाला बरोबर चाचांच्या दारात उतरवी. ते टंचाईचे वर्ष होते. वस्त्यांवर टँकर येत असे आणि पाण्याची रांग हातभर हलली तरी बाया "पुढं चालली" म्हणून हसत. एवढी त्या ओरखड्याची कीर्ती.

अशात एके सकाळी एक म्हातारी माझ्या टेबलापुढे येऊन बसली. पडेगावच्या पलीकडची, धनगराच्या घरची. मुले मजुरीला लागलेली, मेंढरे नावापुरती उरलेली.

"वकीलसायेब, अर्ज लिवायचाय."

मी वकील नाही. परंतु लोक आदराने जे देतात ते परत करण्याचा उद्धटपणा माझ्यात नाही.

"बोला मावशी. विषय काय?"

"छावणीतल्या हाटेलवाल्यानं ती तबकडी शेवटपातुर वाजवावी. मदीच उचलतोय त्यो."

मी लेखणी खाली ठेवली आणि तिला सविस्तर निवेदन करण्यास सांगितले.

हकीकत अशी. मोठ्या दुष्काळात, जेव्हा लोक रेशनची मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस काढीत होते, तेव्हा ती आणि तिचा नवरा मेंढरे घेऊन पैठणच्या बाजूला, गोदावरीच्या काठाने गेली होती. तेथे यंत्रे घेऊन काही मंडळी आली आणि नवऱ्याची ओवी मुद्रित करून गेली. ती त्या वेळी पाण्याला गेलेली. परतल्यावर नवऱ्याने तिला सांगितले, की ओवीच्या शेवटी मी तुझे नाव घेतले.

"म्या म्हणलं, लबाड बोलू नगा. बायकू नाव घेती नवऱ्याचं, ते बी उखाण्यात. गडी कुठं चारचौघांत बायकूचं नाव घेतो व्हय? तर म्हणले, घेतलंच. कुणाम्होरं? तर म्हणले, यंत्राम्होरं. तवा जे भांडण लागलं ते त्यायच्या मरणापातुर चाललं. आता माझा पुतण्या त्या हाटेलात जाऊन आला. म्हणतोय, काकाचाच आवाज, पर शेवटाला तबकडी आडती."

"म्हणजे नाव घेतले की नाही, एवढेच तुम्हाला ऐकायचे आहे?"

"तेवढंच. लई वरसं झाली सायेब, येकदा कळूं द्या."

"परंतु ते खोटे कशाला सांगतील?"

तिने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "त्यायनी येका मेंढीचं नाव बी माझंच ठिवलं हुतं. म्होरक्या मेंढीचं. माझा राग आला की मला काय बोलायचे नाय. मेंढीला नावानं हाका मारून बोलायचे, आन् म्या बसायची आयकत."

प्रकरण नाजूक आहे हे मी ओळखले आणि कागद पुढे ओढला.

"मयत पतीचे नाव?"

"ते."

"मावशी, 'ते' हे नाव होत नाही."

"मग मी कसं घिऊ? तुमीच वळखा. भंडार वाहत्यात त्या देवाचंच हाय."

त्या देवाची मला ठाऊक असलेली सर्व नावे मी एकामागून एक उच्चारली. ती मान हलवीत राहिली. अखेर एका नावाला तिने पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवले. मी ते लिहून घेतले. तिचे स्वतःचे नाव तिने खणखणीत सांगितले, परंतु ते छापील मजकुरात कोठेही आणू नये अशी तिची मला ताकीद आहे. म्हणून येथे 'अमुक' असे लिहितो.

अर्ज मी मन लावून लिहिला. अडचण एवढीच, की तो कोणाकडे करावा? तबकडी फिरते, सबब परिवहन खाते. गाणे आहे, सबब करमणूक कर. आत मेंढरे आहेत, सबब पशुसंवर्धन. प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही बोलता येत होते. शेवटी 'मेहेरबान' या शब्दापुढे जागा कोरी सोडली आणि गैरअर्जदारास आधी समज द्यावी या रीतीस अनुसरून म्हातारीला घेऊन छावणीत गेलो.

चाचांना उर्दू वाचता येते, मराठी वाचता येत नाही. म्हणून मी उभा राहून अर्ज वाचून दाखवला. गिऱ्हाइकांत टँकरचे ड्रायव्हर होते. त्यांनीही कपबश्या खाली ठेवल्या.

"गैरअर्जदार बोले तो?" चाचांनी विचारले.

"म्हणजे तुम्ही."

"मैं कायकू गैर, मुन्शीजी? रोज इधरीच बैठते तुम."

"ही कायद्याची भाषा आहे. पुढे ऐका. 'गैरअर्जदार हे छावणी भागातील एक प्रतिष्ठित, संगीतप्रेमी व सचोटीचे व्यापारी असून…'"

"ये फिरसे पढो."

मी फिरून वाचले. चाचांनी अंगातला सदरा सारखा केला.

"ये सरकार में जाएगा?"

"शिक्क्यानिशी."

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "मगर मुन्शीजी, सुई आगे गई तो होटल का नाम खतम. लोगां 'पुढं चालली' सुनने को आते. आगे का सुनने को कौन आता?"

म्हातारी पुढे सरकली. ती म्हणाली, "भाऊ, माझं सगळ्या जल्माचं भांडण तुमच्या त्या पेटीत अडकून पडलंय. तुमी त्याच्यावर चा इकताय."

एक ड्रायव्हर हसला आणि चाचांनी पाहताच थांबला.

"बैठो अम्मा," चाचा म्हणाले. "चाय पियो पहले."

"चा मागून. आधी तबकडी."

चाचांनी तबकडी फडक्याने पुसली आणि सुई ठेवली. खरखर झाली आणि नेहमीचा खोकला ऐकू आला. म्हातारी जागची हलली.

"तंबाकूचा खोकला," ती म्हणाली. "किती सांगितलं."

मग ढोल, मग आवाज, मग मेंढरे. ती मेंढरांनाही ओळखू पाहत असावी, कारण एकदोनदा तिने मान तिरकी केली. आम्ही इतकी वर्षे जे विनोद म्हणून ऐकत आलो ते कोणी असेही ऐकू शकते, हे त्या दिवशी मला जरा अवघडवून गेले. ओवी शेवटाला आली. "पुढं चालली… पुढं चालली…" सवयीने एकाची थाप टेबलावर पडली. म्हातारीने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने हात मांडीखाली घेतला.

"देखो, इधरीच अटकता," चाचा म्हणाले. "अब क्या करेंगे?"

अशा प्रसंगी कोणी तरी निर्णय घ्यावा लागतो. सुईला वजन हवे होते. मी खिशातले पेन काढले, त्याचे पितळी टोपण काढले आणि सुईच्या दांड्यावर, अगदी टोकाशी, आडवे ठेवले. चाचांनी डोळे मिटून घेतले. कर्र असा आवाज झाला, सुई दबली आणि ओरखडा ओलांडून पलीकडे गेली.

"पुढं चालली अमुक, धूळ मागं मला."

त्यानंतर एक मेंढी ओरडली आणि ओवी संपली.

मी म्हातारीकडे पाहून विजयी मुद्रा केली. तेवढा माझा अधिकार होता.

"घेतले ना नाव?"

"घेतलं," ती म्हणाली. "पर कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे?"

"माझं का मेंढीचं?"

चाचांनी डोळे उघडले. त्यांनी थोडा विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "अम्मा, मियाँ आगे चलता, बीवी पीछे. आगे चली बोले तो… बकरी."

"चाचा, तुम्हाला धनगरांची माहिती नाही," मी मध्ये पडलो. "मुक्काम हलताना बाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढे निघते. मेंढरे आणि पुरुष मागून येतात. म्हणजे पुढे कोण? बाई. निकाल अर्जदाराच्या बाजूने आहे."

"व्हय, घोडं घिऊन म्होरं मीच असायची," म्हातारी म्हणाली. "पर म्होरकी मेंढी बी म्होरंच असती की सायेब. आन् घोड्यानं एवढी धूळ उडत नाय. धूळ मेंढरांचीच."

"मग मेंढी म्हणावे?"

"आसं कसं म्हणावं? मला म्हणले हुते, तुझं घेतलं."

ड्रायव्हरांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, नवरा दुष्काळात उपाशी होता, तेव्हा त्याला मेंढीच आठवणार. दुसऱ्याचे म्हणणे, उपाशी माणसाला बायकोच आठवते. म्हातारीने दोघांनाही गप्प केले आणि चाचांना म्हणाली, "परत लावा."

परत लावली, परत टोपण ठेवले. या खेपेस त्या ओळीला तिने पदर तोंडावर धरला. पदराआड ती हसत होती की काय करीत होती हे मला सांगता येणार नाही, कारण मी चहाच्या कपात पाहत होतो.

तबकडी थांबल्यावर मी अर्ज पुढे घेतला. "मावशी, 'अर्जदाराचे समाधान झाले असून तक्रार मिटली आहे' असे खाली लिहितो. अंगठा द्या."

"नगा लिवू," ती म्हणाली. "मिटलं म्हणून लिवलं तर मी घरी जाऊन कुणासंगं भांडू?"

मी पेन मिटायला गेलो, तर टोपण अजून सुईच्या दांड्यावरच होते. ती उठली, चाचांनी पुढे केलेला चहा बशीतून एका घोटात संपवला आणि निघाली.

अर्ज दाखल झाला नाही. चाचांनी तो चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर लावला. 'प्रतिष्ठित, संगीतप्रेमी व सचोटीचे' या शब्दांखाली त्यांनी लाल रेघही मारून घेतली आहे. शहराचे नाव पुढे बदलले. अर्जाच्या मथळ्यात जुनेच आहे. माझे पितळी टोपण दोऱ्याने प्लेयरला बांधलेले असते. इतर गिऱ्हाइकांसाठी तबकडी टोपणाविना लागते आणि ते थाप देऊन "पुढं चालली" म्हणतात. बाजाराच्या दिवशी म्हातारी आली की चाचा काही न विचारता टोपण ठेवतात. माझ्या पेनाची शाई त्यामुळे वरचेवर वाळते. तो खर्च मी समाजकार्यात धरतो.

परवाच्या बाजारी ती आली होती. ओळ झाली, मेंढी ओरडली, चाचांनी सुई उचलली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "बोलो अम्मा, आज कौन? बीवी या बकरी?"

तिने पिशवी खांद्याला लावली. "लबाड माणूस," ती तबकडीकडे पाहून म्हणाली. मग चाचांना म्हणाली, "फुडल्या बाजारी सांगते."